सकाळची एसटी परत मिळवायची असेल तर

प्रश्न आला आहे तो थोडक्यात असा: "आमच्या गावची सकाळी सव्वासहाची मुक्कामी एसटी बंद होऊन दीड वर्ष झालं. गावातल्या आणि वाटेवरच्या वाड्यांतल्या तीसेक मुली तालुक्याला अकरावी-बारावीला जातात. त्यातली एक माझी. चार निवेदनं दिली, आमदारांना दोनदा भेटलो. आता गावातली पोरं म्हणतात, रस्ता अडवू. अडवावा का? नाही तर काय करावं?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. रस्ता अडवू नका. आम्ही एकदा अडवला होता, तीन तास. ज्या गाडीपुढे बसलो तिच्यात पलीकडच्या खोऱ्यातली माणसं होती, दवाखान्यात निघालेली एक पोटुशी बाई होती. आम्हाला गाडी मिळाली नाहीच, पण त्या गावांनी पुढची दोन वर्षं आमच्या एकाही ठरावावर सही केली नाही. चूक आमची होती. शिवाय गुन्हे दाखल झाले की नावं पोरांची लागतात, आणि पोलीस भरती किंवा सैन्यभरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तीच नावं वर येतात. गाडीची काच फुटली तर सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदा वेगळाच लागतो. मुलींच्या शिक्षणासाठी मुलग्यांची नोकरी पणाला लावायची नाही, हे आधी पोरांना बसवून सांगा.

मी सव्वीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं. दहावीनंतर मुलगी का थांबली, याची कारणं घरोघरी जाऊन ऐकली. परिस्थिती नाही, लग्न ठरलंय, धाकट्याला सांभाळायचंय. पण 'सकाळी गावातून गाडी सुटली आणि दुपारी गावात आली तर पाठवाल का?' असं विचारलं की कितीतरी बाप गप्प व्हायचे आणि मग म्हणायचे, पाठवू की. त्यातूनच आमच्या खोऱ्यातल्या सात गावांची प्रवासी समिती उभी राहिली. निवृत्तीनंतर मी हेच काम करते. त्यातून जे कळलं ते सांगते.

तुमची चारही निवेदनं मी न वाचता सांगू शकते, कारण आमचीही तशीच होती. 'विद्यार्थ्यांची गैरसोय होत असून बस त्वरित सुरू करावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.' वर 'गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी' हे घोषवाक्य. आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर असे कागद दर आठवड्याला येतात. वाचून त्यांना कणव येत नाही असं नाही. पण त्या कागदावर ते काही करू शकत नाहीत, कारण 'गाडी द्या' या मागणीचं उत्तर त्यांच्या हातात नसतं. २०२१-२२ चा लांबलेला संप आणि जुन्या झालेल्या गाड्या यांमुळे महामंडळाचा ताफा अठरा हजारांच्या आसपासवरून पंधरा हजारांच्या आसपास आला. आगाराला नवीन गाडी मिळते ती वरून, आणि वरून ती कधी येईल ते आगाराला ठरवता येत नाही. त्यांच्या हातात असतं ते एवढंच: आहे त्या गाड्या आणि आहेत ते चालक-वाहक कुठून कुठे, किती वाजता फिरवायचे. फेरीची वेळ वीस मिनिटं मागेपुढे करणं, शेजारच्या गावापर्यंत येणारी गाडी चार किलोमीटर पुढे वाढवणं, दुपारी स्थानकात उभ्या असलेल्या गाडीला एक छोटी फेरी लावणं. संपूर्ण नवीन शेड्यूल हवं असेल तर विभाग नियंत्रकांकडे जावं लागतं.

म्हणून मागणी बदला. 'आम्हाला गाडी द्या' नव्हे, तर 'तुमची अमुक गाडी संध्याकाळी साडेसहाला शेजारच्या गावापर्यंत येऊन परत जाते, ती आमच्या गावापर्यंत वाढवून मुक्कामी ठेवा, सकाळी सव्वासहाला परत घ्या' असं लिहा. या कागदाला 'हो' किंवा 'नाही' म्हणावं लागतं, आणि 'नाही' म्हटलं तर कारण द्यावं लागतं. कारण कळलं की त्यावर काम करता येतं. आमचं पहिलं यश असंच होतं. नवी गाडी मिळालीच नाही, एक जुनी गाडी पाच किलोमीटर पुढे आली.

हे करायला आधी आगाराचं वेळापत्रक पाठ हवं. दोन कॉलेजातली पोरं एक दिवस स्थानकावर बसवा. तुमच्या दिशेला जाणारी प्रत्येक गाडी किती वाजता सुटली, कुठवर गेली, परत कधी आली, मध्ये किती वेळ उभी राहिली, हे वहीत उतरवा. वाहतूक नियंत्रकाला नमस्कार करून काय करतोय ते सांगून बसा, चोरून बसू नका. तेच तुम्हाला सांगतील की अमुक गाडीला दुपारी तासभर विसावा असतो.

यानंतरचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, तो म्हणजे मोजणी.

गावात कोणालाही विचारा, 'एसटी गच्च भरून जायची' असंच सांगतील. आगारात विचारलं तर 'भारमान नाही' म्हणतील. दोघंही खरं बोलत असतात, आणि हे समजलं नाही म्हणून कितीतरी बैठका भांडणात संपलेल्या मी पाहिल्या आहेत. भारमान म्हणजे फेरीच्या क्षमतेपैकी किती टक्के भरली. ते माणसांच्या डोक्यांवर नसतं, ती किती अंतर बसली यावर असतं. समजा तुमचं गाव तालुक्यापासून २२ किलोमीटर आहे आणि गाडीत ४४ आसनं आहेत. एका फेरीची क्षमता झाली ४४ गुणिले २२, म्हणजे ९६८. तीस मुली शेवटच्या गावातून बसून थेट तालुक्याला गेल्या तर ६६० भरले, भारमान ६८ टक्के. पण त्या तिसांतल्या वीसजणी तालुक्याच्या अलीकडे आठ किलोमीटरवरच्या फाट्यावर चढल्या तर? दहाजणींचे २२० आणि वीसजणींचे १६०, मिळून ३८०. भारमान ३९ टक्के. स्थानकात उतरताना गाडी दोन्ही वेळा तितकीच भरलेली दिसते.

आता संध्याकाळची गावाकडे येणारी फेरी धरा. तिच्यात पूर्ण अंतराची बारा माणसं असतील तर २६४ होतात. दोन्ही फेऱ्या मिळून पहिल्या हिशेबात ४८ टक्के, दुसऱ्यात ३३. या दोन आकड्यांच्या मध्ये तुमच्या गाडीचं नशीब आहे. म्हणजे मुलींच्या फेरीसाठी खरं काम संध्याकाळच्या फेरीत करायचं असतं. तालुक्याला कामाला जाणारे गवंडी, दुकानातले नोकर, बाजार करून येणाऱ्या बायका, यांच्यातली किती माणसं त्या गाडीने परत येतील? ते विचारा. सकाळी कोणी बसायचं हे गावाला सांगावं लागत नाही, संध्याकाळी सांगावं लागतं.

मुक्कामी गाडीचा फायदाही इथेच आहे. मुक्काम नसेल तर सव्वासहाला गावातून सुटायला गाडी पाचच्या सुमाराला आगारातून रिकामी यायला हवी. ते बावीस किलोमीटरचं डिझेल कोणाच्या तिकिटातून निघणार? मुक्कामी गाडीला ती रिकामी धाव नसते.

मोजणी सात दिवस करा, सलग, आठवडी बाजाराचा दिवस धरून. फाट्यावर आणि गावात माणूस बसवा. कोण, कुठून कुठे, किती वाजता, कशाने गेलं: वडाप, दुचाकी, चालत. (माणसं भरून नेणाऱ्या खाजगी गाडीला आमच्याकडे वडाप म्हणतात, विदर्भात काळी-पिवळी.) एसटी असती तर तिने गेलं असतं का, हेही विचारा. फुगवून लिहू नका. आमच्या एका गावाने जरा जास्तच माणसं लिहिली, आगाराने विश्वासाने फेरी दिली, तीन आठवड्यांत खोटं उघडं पडलं. त्या गावामुळे इतर सहा गावांच्या मोजणीकडेही पुढे संशयाने पाहिलं गेलं.

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. सगळे जायची गाडी मागतात, यायची विसरतात. अकरावी-बारावीचं कॉलेज दुपारी साडेबारा-एकला सुटतं. परतीची गाडी संध्याकाळीच असेल तर मुलगी पाच-सहा तास स्थानकावर बसते. दोन महिन्यांत घरचे म्हणतात, पुरे झालं. सकाळची एसटी चालू होऊनही मुली थांबल्या, असं आमच्याकडे एका वर्षी घडलं ते यामुळेच. दुपारची फेरी त्याच अर्जात मागा. या फेरीत मुलींबरोबर कोण असेल? सकाळी दवाखान्यात, बँकेत, तहसीलला गेलेली माणसं. त्यांचीही नोंद मोजणीत घ्या.

प्राचार्यांनाही भेटा. गावनिहाय विद्यार्थ्यांची संख्या आणि कॉलेजच्या वेळा असं एक पत्र त्यांच्या लेटरहेडवर घ्या. गाडीची वेळ जमत नसेल तर प्रात्यक्षिकाचा तास पंधरा-वीस मिनिटं हलतो का ते विचारा. एसटीची वेळ हलवली तर पुढच्या चार गावांच्या वेळा हलतात, कॉलेजचा तास हलवला तर कोणाचं काही बिघडत नाही. आमच्या इथे शेवटी कॉलेजच हललं.

आता गावाने स्वतः करायचं काम. मुक्कामी गाड्या बंद पडण्यामागे अनेकदा मुक्कामाची जागा हे कारण असतं, आणि ते निवेदनात कोणी लिहीत नाही. दिवसभर गाडी चालवलेला माणूस देवळाच्या ओसरीवर डास मारत झोपतो, सकाळी शौचाला बाटली घेऊन ओढ्याकडे जातो. तुमच्याकडची व्यवस्था काय होती? खरंखरं आठवा. ग्रामपंचायतीची एक खोली, दोन कॉट, पंखा, पाणी, आतून कडी लागणारं शौचालय, एवढं करून त्याचे फोटो अर्जाला जोडा. वाहक बाई असेल तर वेगळी खोली आणि सोबत लागेल, तीही ठरवून ठेवा. आमच्या एका गावात बचतगटाच्या बायकांनी आळीपाळीने चालक-वाहकांचं रात्रीचं जेवण स्वीकारलं. त्या गावची गाडी मुसळधार पावसातही कधी चुकली नाही.

मग रस्ता. गाडी वळायला जागा आहे का? फांद्या टपाला लागतात का? विजेची तार खाली आली आहे का? साकवाचा कठडा धड आहे का? फांद्या श्रमदानाने तोडा, तारेसाठी महावितरणला अर्ज द्या. रस्ता जिल्हा परिषदेचा आहे, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की ग्रामसडक योजनेतला, ते शोधा आणि त्यांच्या उपअभियंत्याकडून 'रस्ता बस वाहतुकीस योग्य' असं पत्र मिळवा. आगाराचे निरीक्षक पाहणीला येतील तेव्हा हे पत्र हातात असलं की पाहणी एका खेपेत संपते.

वडापवाल्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच. ती आपलीच पोरं असतात, कर्ज काढून गाडी घेतलेली. त्यांच्याविरुद्ध तक्रार करून एसटी आणायची म्हणाल तर गाव दुभंगेल आणि एसटीची पाटी एका रात्रीत गायब होईल. त्यांना बैठकीला बोलवा. आमच्याकडे असं ठरलं की सकाळची आणि दुपारची फेरी मुलींची, त्या वेळेआधी पंधरा मिनिटं वडाप फाट्यावर उभं राहणार नाही. बाकीचा दिवस त्यांचा. एसटी जिथे जात नाही त्या वाड्यांतून फाट्यापर्यंत माणसं तेच आणतात. हा समझोता कागदावर नाही, पण टिकला आहे.

आता पैशाचं. विद्यार्थ्यांना पासात दोन तृतीयांश सवलत आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत मिळतो. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. गावात समज असा की 'फुकट्यांमुळे गाडी तोट्यात जाते'. तसं नाही. सवलतीची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देतं. त्यामुळे आजीने शून्य रुपयाचं तिकीटही मागून घ्यायचं. ते तिकीट म्हणजे ती त्या फेरीत बसली होती याची नोंद. पासवाल्या मुलींना मात्र रोज तिकीट फाडलं जात नाही, म्हणून फेरीच्या रोजच्या रकमेत त्या दिसत नाहीत. फेरीचं उत्पन्न कमी आहे असं कोणी म्हणालं तर या मार्गावरच्या पासांची संख्या बाजूला मांडा. तिचा अंदाज प्राचार्यांच्या पत्रातल्या गावनिहाय संख्येवरून येईल. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत आहे का तेही बघा. असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलींसाठीच्या निळ्या गाड्यांचा मार्ग तुमच्या वाड्यांवरून जाऊ शकतो का, हा वेगळा अर्ज होतो.

हे सगळं जमवायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चला सुरुवात करा आणि एप्रिलमध्ये अर्ज द्या. जूनमध्ये शाळा उघडल्यावर धावलात तर आगाराची नियोजनाची वही भरलेली असते, आणि त्यातच आषाढीच्या जादा गाड्यांसाठी फेऱ्या निघून जातात. अर्ज एका पानाचा, सोबत मार्गावरच्या प्रत्येक गावचा ग्रामसभेचा ठराव, मोजणीचा तक्ता, प्राचार्यांचं आणि उपअभियंत्यांचं पत्र, मुक्कामाच्या खोलीचे फोटो. भेटायला पाचजण जा, त्यात दोन मुली आणि एक आई असू द्या. पन्नासजण गेलात तर भाषणं होतात, बोलणं होत नाही. पोच घ्या. पुन्हा कधी यायचं ती तारीख विचारून घ्या आणि त्या तारखेला जाच.

उत्तर आलं नाही तर विभाग नियंत्रक. २०२४ पासून एसटीने 'प्रवासी राजा दिन' सुरू केला आहे, त्यात ते स्वतः आगारात बसून तक्रारी ऐकतात. तुमच्या आगारात तो कधी असतो ते विचारा. तिथेही काही झालं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. माहितीचा अधिकार मी शेवटी ठेवते. दहा रुपयांत तीन महिन्यांच्या फेऱ्या, रद्द फेऱ्या आणि त्यांची कारणं मिळतात, अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयावर. पण पहिल्याच भेटीआधी तो टाकला तर समोरचा माणूस सावध होतो आणि मग तोंडी काहीच सांगत नाही. तोंडी मिळणारी माहिती कितीतरी जास्त कामाची असते.

आमदारांकडे 'गाडी द्या' म्हणून जाऊ नका. 'फाट्यावर मुलींना पावसात उभं राहावं लागतं, निवारा शेड निधीतून करा' असं नेमकं मागा. ते त्यांच्या हातात आहे. आणि गाडी सुरू होईल त्या दिवशी फलकावर कोणा एकाचं नाव नको. आमच्याकडे पहिल्या दिवशी नारळ चालकाच्या हातून फुटला आणि हार वाहकाला घातला. सगळ्या पक्षांची माणसं उभी होती, कोणाला काही म्हणता आलं नाही.

हे सारं करूनही 'नाही'च आलं, तर पोरांच्या अंगातली रग वाया घालवायची नाही. गणवेशातल्या मुली आणि त्यांच्या आया, गावातून तालुक्यापर्यंत पायी, रस्त्याच्या कडेने, पोलिसांना आधी लेखी कळवून. वाटेतल्या प्रत्येक गावात पाणी आणि दोन माणसं वाढत जातात. कुठलीही गाडी अडवायची नाही. स्थानकावर पोचल्यावर आगार व्यवस्थापकांच्या हाती तोच एक पानाचा अर्ज पुन्हा द्यायचा. आमच्या मुली एकदा अशा चालल्या. वार्ताहर आले, जिल्ह्याच्या पानावर फोटो आला, आणि आठवडाभरात विभागाकडून पाहणीचा निरोप आला. आधीची कागदपत्रं तयार नसती तर त्या निरोपाचं पुढे काही झालं नसतं.

गाडी सुरू झाली की गाव निवांत होतं, आणि तिथेच ती पुन्हा हातची जाते. पहिले तीन महिने जपा. चहाच्या टपरीवर एक वही ठेवा: तारीख, गाडी किती वाजता आली, किती चढले. आली नाही तर लगेच स्थानकावर फोन, रागावून नाही, विचारून. परीक्षा, दिवाळीची सुट्टी, गावची जत्रा यांच्या तारखा आगाराला आधीच लिहून द्या. सुट्टीत गाडी रिकामी धावली तर तो आकडा तुमच्याच फेरीच्या नावावर चढतो. त्यापेक्षा 'या दिवसांत दुपारची फेरी दुसरीकडे वापरा' असं आपणच म्हणावं. असं पत्र आम्ही पहिल्यांदा दिलं तेव्हा आगारातल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. त्या वर्षापासून आषाढीला आमची फेरी काढावी लागणार असेल तर तिकडून आधी फोन येतो, आणि मी मुलींच्या घरी आदल्या दिवशी निरोप पाठवते.

मोजणीचा तक्ता कसा आखायचा हे कळलं नाही तर विचारा, आमचा पाठवते. आणि तुमच्या मुलीला या कामात घ्या. फाट्यावरच्या मोजणीला पहिल्या दिवशी तिलाच बसवा, कोण कुठून कशाने जातं हे तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.